‘स्मृतिचित्रे’तील श्रद्धेचे बळ

आपल्या साक्षपर लेखनात अश्रूंमागून लगेच चमत्कार येतो. मधला खडतर काळ गळून जातो. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे त्या मधल्या काळाचेच पुस्तक होय. १८९५ साली ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. दरम्यानचा विरह, लोकनिंदा त्या लपवीत नाहीत. स्वतःच्या सोवळ्याच्या हट्टावरही मनमोकळे हसतात. आयुष्य देवाच्या हाती सोपविलेल्यालाच आपल्या दुःखाकडे असे पाहता येते. १९१९ साली टिळक निवर्तल्यावर त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पूर्ण करण्याचे बळही याच श्रद्धेचे. लक्ष्मीबाई कॅथोलिक नव्हत्या; तरीही आपल्या प्रत्येक घरात हे पुस्तक वाचले जावे.