किल्ली ज्याच्या हाती, त्याला कुलूप कसले?



संगणकाचा गैरवापर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कुठल्या तरी परमुलखात बसलेला, तोंड न दिसणारा चोर उभा राहतो. हा चोर काल्पनिक नाही. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस अशाच चोरांनी न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडॉर या प्रांताची आरोग्ययंत्रणा ठप्प केली. २०२२ च्या डिसेंबरात त्यांनी टोरोंटोचे 'सिक किड्स' हे लहान मुलांचे इस्पितळसुद्धा सोडले नाही. परंतु आमचा जन्म परिचारिकेच्या नोकरीत गेला, आणि आम्हांला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच माणसाची. हा माणूस दार फोडत नाही. इस्पितळानेच त्याच्या हाती किल्ली दिलेली असते. कॅनडाचे कायदे या माणसाचा बंदोबस्त कितपत करतात, हे या लेखात पाहण्याचा विचार आहे.

आधी कायद्याचा जन्म पाहू. अल्बर्टा विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने विद्यापीठाचा संगणक परवानगीवाचून वापरला. त्या काळी अशा कृत्यासाठी वेगळे कलमच नव्हते, म्हणून सरकारने त्याच्यावर दूरसंचार-साधनांच्या लबाड वापराचे कलम लावले. संगणक म्हणजे दूरसंचाराचे साधन नव्हे, असा निकाल १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि विद्यार्थी सुटला. कायद्यात भोक आहे हे त्या दिवशी सर्वांना दिसले. १९८५ साली ते बुजवण्यात आले. आज फौजदारी संहितेचे कलम ३४२.१ म्हणून जे ओळखले जाते, त्यान्वये लबाडीने आणि हक्काचा आधार नसताना संगणकाची सेवा मिळवणे हा गुन्हा ठरला. त्याला जास्तीत जास्त दहा वर्षांची कैद आहे. संगणकातील माहिती पुसणे किंवा बिघडवणे हाही नासधुशीचा गुन्हा झाला.

कलम बांधेसूद आहे, हे मान्य केलेच पाहिजे. आमचा आक्षेप त्यातील 'लबाडीने' या शब्दापाशी सुरू होतो. समजा, वॉर्डातील एका कारकुनाने शेजारणीची फाइल उघडली, वाचली आणि बंद केली. काही पुसले नाही, काही विकले नाही. विचारले तर तो म्हणतो, "सहज पाहिले." या 'सहज'ला लबाडी म्हणून कोर्टात सिद्ध करणे सोपे नाही. शिवाय त्याने चोरले तरी काय? फाइल जागच्या जागीच आहे. टोरोंटोच्या एका हॉटेलातील सुमारे ६०० नोकरांची नावे-पत्ते मिळवण्यासाठी एका सल्लागाराने तेथील पहारेकऱ्याला पैशाचे आमिष दाखवले होते. त्या प्रकरणात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितले की, गुप्त माहिती ही चोरीला जाईल अशी मालमत्ता नव्हे. कायद्याच्या काट्यावर हे बरोबर असेल. पण जिची गोष्ट गेली, तिचे काय? आपल्यासारख्या लहान समाजात चारशे मैलांवरची बातमी दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात पोचते. एका मुलीच्या तपासणीचा निकाल तिने नवऱ्याला सांगण्याआधी लग्नघरात बायकांच्या तोंडी होता, हे आम्ही पाहिले आहे. त्यात खोटे काही नव्हते. आपल्या धर्माने लाशोन हारा निषिद्ध मानताना बातमी खरी असल्याची सबब मुळीच चालू दिली नाही. कलम ३४२.१ ला तेवढी नजर नाही.

ही उणीव ओन्टारिओत वेगळ्या कायद्याने भरून काढावी लागली. व्यक्तिगत आरोग्य-माहिती संरक्षणाचा कायदा १ नोव्हेंबर २००४ पासून येथे लागू आहे. रुग्णाच्या सेवेसाठी गरज नसताना त्याची नोंद पाहणे हेच या कायद्याने गैर ठरवले, विकणे-न विकणे पुढची गोष्ट. आमच्या मते हा कायदा जास्त शहाणा आहे, कारण तो कुलूप फुटले का एवढेच विचारत नाही, तुमचे तेथे काम काय होते हे विचारतो.

मात्र त्याचे दात फार उशिरा आले. टोरोंटोच्या पूर्वेकडील रूज व्हॅली या इस्पितळ-संस्थेत बाळंतिणींची नावे व दूरध्वनी क्रमांक मुलांसाठी शिक्षण-बचत योजना विकणाऱ्यांच्या हाती गेले. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला घरी फोन येई, आणि आपला नंबर यांना कोणी दिला हे तिला कळत नसे. १४,००० हून अधिक रुग्णांच्या नोंदींना या प्रकरणात धोका पोचला. माहिती व गोपनीयता आयुक्तांनी २०१४ च्या डिसेंबरात आदेश काढला. कोणी कोणती नोंद उघडली हे तपासता येईल अशी व्यवस्था संगणकात करा, असे त्यात इस्पितळाला बजावले होते. म्हणजे तोवर ती पुरेशी नव्हती!

न्यायालयेही हळूहळू जागी झाली. एका बँकेतील नोकर बाईने दुसऱ्या नोकर बाईचे खाते चार वर्षांत निदान १७४ वेळा उघडून पाहिले होते. २०१२ साली ओन्टारिओच्या अपील न्यायालयाने अशा डोकावण्याला नुकसानभरपाईस पात्र अपराध मानले आणि १०,००० डॉलर देवविले. २०१५ साली पीटरबरोच्या प्रकरणात रुग्णांनाही अशा कारणासाठी इस्पितळावर दावा लावण्याची वाट त्याच न्यायालयाने मोकळी ठेवली. विधिमंडळाने २०१६ साली व्यक्तीचा दंड ५०,००० वरून १,००,००० डॉलरवर नेला आणि सहा महिन्यांत खटला भरण्याची जाचक मुदत काढून टाकली. २०२० साली तो २,००,००० झाला, शिवाय एक वर्षापर्यंतची कैद आली. १ जानेवारी २०२४ पासून आयुक्त स्वतःही दंड करू शकतात.

आकडे वाढले, हे चांगलेच झाले. पण दंडाच्या भीतीने डोकावणे थांबेल असे आम्हांला वाटत नाही. डोकावणाऱ्याला आपण पकडले जाऊ असे वाटतच नसते. बरे, मग फायलींना घट्ट कुलपे घाला, असे कोणी म्हणेल. त्यांनी एकदा रात्रपाळी करून पाहावी. पहाटे तीन वाजता बेशुद्ध रुग्ण येतो, त्याला कोणते औषध सोसत नाही हे त्याच क्षणी समजावे लागते. तेथे तीन ठिकाणी परवानगी मागत बसलो तर माणूस हातचा जाईल. इस्पितळात किल्ली पुष्कळांच्या हाती असावीच लागते.

म्हणून सगळा भार नोंदवहीवर येतो. आम्ही मुंबईत शिकलो तेव्हा रुग्णाचा कागदी चार्ट वॉर्डातच असे. दुसऱ्या वॉर्डाच्या माणसाने तो उचलला तर वॉर्डाची सिस्टर तिथल्या तिथे विचारी, "तुमचे येथे काय काम?" संगणकाने तिची नजर काढून घेतली. बदल्यात त्याने तिच्याहून पक्की आठवण दिली आहे. कोणी, केव्हा, काय उघडले, हे सारे तो लिहून ठेवू शकतो. पण लिहिलेले कोणी वाचले नाही तर त्याचा उपयोग काय? अशी नोंद ठेवणे आणि ती नियमित तपासणे, या कामाला आम्ही सर्व दंडांहून अधिक मोल देतो. २०१७ च्या ऑक्टोबरपासून असे गंभीर प्रकार आयुक्तांना कळवणे इस्पितळांवर बंधनकारक आहे. आम्ही म्हणू, कळवण्यापूर्वी सापडले पाहिजेत, आणि सापडण्यासाठी शोधणारा माणूस नेमलेला पाहिजे.

ओन्टारिओतील आपल्या मंडळींनी एवढे ध्यानात ठेवावे. आपली नोंद कोणी कोणी उघडली, हे इस्पितळाच्या गोपनीयता-अधिकाऱ्याला लेखी विचारावे. ओळखीचे कोणी तेथे कामाला असेल आणि त्याने आपली माहिती पाहू नये असे वाटत असेल, तर तसे आधीच सांगावे. उत्तराने समाधान झाले नाही तर, प्रकार कळल्यापासून एक वर्षाच्या आत, आयुक्तांकडे तक्रार करावी. यात कोणाचा अपमान नाही. आणि आपल्या ज्या मुली-मुलगे येथील इस्पितळांत कामाला लागले आहेत, त्यांना घरच्यांनी कधी "अमक्याला काय झाले आहे, बघ ना जरा" असे सांगू नये. त्या एका वाक्याने त्यांची नोकरी जाऊ शकते, आणि दुसऱ्या घरची झाकली मूठ उघडी पडते.