सांध्यातील कसर : 'डीसी अवंती' या स्पोर्ट्स कारच्या बांधणीची चिकित्सा

प्रस्तावना :

कादंबरी, नाटक, चित्रपट यांची चिकित्सा करण्याची परंपरा मराठीत समृद्ध आहे. तंत्रवस्तूच्या वाट्याला मात्र अशी चिकित्सा क्वचितच येते. पूल, पंप अथवा मोटार यांविषयी एकतर जाहिरात लिहिली जाते किंवा तक्रार. वस्तू कोणत्या विचारातून घडली, तिच्या घडणीत कोठे तडजोड झाली आणि ती तडजोड समर्थनीय होती काय, हे प्रश्न अनुत्तरित राहतात. प्रस्तुत लेखात 'भारताची पहिली सुपरकार' म्हणून गाजावाजा झालेल्या 'डीसी अवंती' या मोटारीची चिकित्सा या दृष्टीने केली आहे. लेखकाने हे वाहन चालविलेले नाही. शिरूर अनंतपाळच्या रस्त्यावर ते अवतरण्याचा संभवही नव्हता. प्रकाशित तांत्रिक माहिती, वाहनविषयक नियतकालिकांतील परीक्षणे आणि उत्पादन-अभियांत्रिकीची सर्वमान्य तत्त्वे हाच या विवेचनाचा आधार होय.

पार्श्वभूमी :

दिलीप छाब्रिया हे अमेरिकेतील पॅसाडेना येथील 'आर्ट सेंटर कॉलेज ऑफ डिझाइन'मध्ये शिकलेले संकल्पक. १९९३ साली त्यांनी 'डीसी डिझाइन' ही संस्था सुरू केली. तयार मोटारीचे अंतर्बाह्य रूप पालटून देणे हा तिचा मुख्य व्यवसाय. २००४ सालच्या 'टार्झन : द वंडर कार' या हिंदी चित्रपटातील जांभळी मोटार याच संस्थेची. तिच्या पोटात टोयोटाची 'एमआर-टू' ही गाडी होती, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे. जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये 'अवंती'चे अनावरण झाले. प्रत्यक्ष गाड्या ग्राहकांच्या हाती पडू लागल्या त्या २०१५ च्या सुमारास. किंमत ३५ लाखांच्या आसपास. पुणे परिसरात तिची बांधणी होत असे. आसनांच्या मागे आडवे बसविलेले रेनॉल्ट कंपनीचे दोन लिटर टर्बो-पेट्रोल इंजिन, २५० अश्वशक्तीचा दावा, सहा गतींचा गिअरबॉक्स, मागील चाकांना गती आणि संमिश्र पदार्थाच्या पॅनेलची काया, असे तिचे स्थूल स्वरूप सांगता येईल.

उसनवारीचा प्रश्न :

'अवंती'वरील सर्वाधिक ऐकू येणारा आक्षेप म्हणजे तिचे इंजिन परक्याचे आहे. हा आक्षेप लेखकास ग्राह्य वाटत नाही. मूळ पुढच्या चाकांना गती देणारी इंजिन-गिअरबॉक्सची जोडी उचलून आसनांच्या मागे बसविणे ही मोटारविश्वातील जुनी आणि प्रतिष्ठित युक्ती आहे. इटलीच्या फियाट 'एक्स वन-नाइन'ने ती केली, टोयोटाच्या 'एमआर-टू'ने केली, ब्रिटनच्या लोटस 'एलिस'ने केली. 'एलिस'मध्ये आधी रोव्हरचे व पुढे टोयोटाचे इंजिन होते, म्हणून तिला कोणी नकली म्हटले नाही. लहान उत्पादकाने स्वतःचे इंजिन घडविण्याचा हट्ट धरणे हा शहाणपणा नव्हे.

परंतु युक्तीची किंमत मोजावी लागते. इंजिन मागे आले तरी रेडिएटर बहुधा पुढेच राहतो. मग पाण्याच्या लांब नळ्या संपूर्ण गाडीखालून न्याव्या लागतात. गिअरच्या केबली लांबतात, त्यांत ढिलाई शिरते. चालकाच्या पाठीमागच्या बंद कप्प्यात उष्णता कोंडते आणि तिला वाट करून द्यावी लागते. 'एलिस'कर्त्यांनी हे सारे मान्य करून चिकटविलेल्या ॲल्युमिनियमची हलकी चौकट नव्याने रचली आणि तिच्यावर आपली सारी बुद्धी खर्च केली. म्हणजे उसने घेतल्याने वाचलेला पैसा त्यांनी सांगाड्यात घातला. 'अवंती'त तो प्रामुख्याने रूपात गेला, असे तिच्याकडे पाहताना वाटत राहते. काटकसर आणि कसर यांतील फरक हाच.

नमुना आणि उत्पादन :

परीक्षकांनी 'अवंती'च्या चालीविषयी काही बरे लिहिले. आपल्या खडबडीत रस्त्यांवर ती अपेक्षेपेक्षा सुसह्य वाटते, असे मत नोंदविले गेले. नापसंती उमटली ती मुख्यत्वे जुळणीविषयी : पॅनेलमधील असमान फटी, आतील भागाची सफाई, इतर गाड्यांची ओळखू येणारी बटणे. या बाबी वरवरच्या आहेत, असे मानण्याचा मोह होतो. मात्र त्यांच्या मुळाशी गेल्यास वेगळे चित्र दिसते.

आपल्याकडे ट्रॅक्टरची ट्रॉली बनविणारा कारागीर कसा काम करतो, ते सर्वांनी पाहिले आहे. तो सांगाडा जोडतो, मग त्या सांगाड्याच्या मापाने फाळका कापतो. फाळका नेमका बसतो, पण त्याच ट्रॉलीला. शेजारच्या ट्रॉलीचा फाळका तिला बसत नाही. यात कारागिराचे कौशल्य कमी नाही. त्याची पद्धतच 'बसवून घेण्या'ची आहे. एकेक गाडी सजवून देणाऱ्या संस्थेची पद्धतही मूलतः हीच असते. प्रदर्शनातली गाडी याच पद्धतीने उत्तम बनते, कारण तेथे कितीही तास घासून-पुसून एकच फट सरळ करता येते.

उत्पादनात हे चालत नाही. दरवाजाची फट ही एका भागाची चूक नसते. सांगाड्याच्या वेल्डिंगमधील एखाद-दुसरा मिलिमीटर, बिजागरीच्या छिद्रातील अर्धा, पॅनेलच्या कडेचा आणखी एक अशा साऱ्या चुका एकमेकींत मिसळतात आणि त्यांची बेरीज फटीत दिसते. त्यातही संमिश्र पॅनेल हाताने थर देऊन केले, तर जाडी ठिकठिकाणी बदलते. रेझिन सुकताना आकसते व उन्हात ठेवल्यावर पुन्हा थोडे हलते. यावर उपाय एकच : पक्के साचे, वेल्डिंग करताना भाग जखडून धरणारे जिग आणि प्रत्येक टप्प्यावरील मोजमाप. हा खर्च प्रदर्शनात दिसत नाही, छायाचित्रात येत नाही आणि म्हणून सर्वांत आधी छाटला जातो. तेव्हा वाकडी फट हा सौंदर्यदोष नसून उत्पादनपद्धतीविषयीची साक्ष आहे. जेथे डोळ्यांना दिसणारा सांधा मोजून केलेला नाही, तेथे न दिसणारा सांधा मोजून केला असेल असे ग्राहकाने कोणत्या आधारावर मानावे?

मराठवाड्यातील वाचकास या मुद्द्याचे अधिक स्पष्टीकरण नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जी घरे कोसळली, त्यांच्या भिंती रुंद होत्या, दगड कठीण होता. दोन पदरांना एकत्र बांधणारा आरपार दगड नव्हता आणि जोडणी मातीची होती.

कायद्याची चौकट :

आरेखनाचे दोष वापरात उघड होण्यापूर्वी चाचणीत पकडले जावेत, अशी अपेक्षा असते. भारतात मोटारींसाठी समोरून व बाजूने धडक देण्याची चाचणी नव्या प्रारूपांना १ ऑक्टोबर २०१७ पासून आणि जुन्या प्रारूपांना १ ऑक्टोबर २०१९ पासून सक्तीची झाली. चालकाच्या एअरबॅगची सक्ती १ जुलै २०१९ ची. 'अवंती' बाजारात आली ती त्यापूर्वी. ताशी दोनशे किलोमीटरची भाषा करणाऱ्या वाहनाला त्या काळी कायद्याने फार थोडे प्रश्न विचारले, हे नमूद करणे आवश्यक आहे. हा दोष एका उत्पादकाचा नव्हे.

नामवंत उत्पादकांकडूनही चुका होतात. २०१० साली फेरारीच्या '४५८ इटालिया' या गाड्या पेटल्याच्या घटना घडल्या. मागील चाकाच्या कमानीतील उष्णतारोधक भाग ज्या गोंदाने चिकटविला होता, तो गोंदच तापून पेट घेत होता. रिव्हेट मारण्याऐवजी गोंद वापरण्याची ती लहानशी सोय होती. कंपनीने बाराशेहून अधिक गाड्या परत बोलावून गोंदाच्या जागी रिव्हेट मारले. चूक सर्वांनाच लाजिरवाणी. तथापि तिची दुरुस्ती करणारी यंत्रणा शिल्लक होती.

याउलट उदाहरण उत्तर आयर्लंडमधील 'डीलोरियन'चे. १९८१ मध्ये बेलफास्टजवळच्या डनमरी येथे नवख्या कामगारांकडून तिचे उत्पादन सुरू झाले. जॉर्जेटो जुजारो यांचे सुरेख रूप, न रंगविलेले स्टेनलेस स्टील, पंखांसारखे वर उघडणारे दरवाजे आणि प्यूजो-रेनॉल्ट-व्होल्व्होचे संयुक्त इंजिन. मूळ आराखड्यातील सांगाडा बाजूला ठेवून लोटसने अल्पावधीत दुसरा रचून दिला. अमेरिकेत पोहोचलेल्या गाड्या विक्रेत्यांकडे जाण्यापूर्वी खास केंद्रांत पुन्हा जुळवाव्या लागत. सुमारे नऊ हजार गाड्यांनंतर १९८२ मध्ये कंपनी बुडाली. 'अवंती'शी साम्य इतके आहे, की 'डीलोरियन'चा इतिहास पुण्यात कोणी वाचला नव्हता काय, असा प्रश्न पडतो. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी छाब्रिया यांना फसवणुकीच्या आरोपावरून अटक केली होती. त्या आरोपांचा निवाडा हा न्यायालयाचा विषय असून प्रस्तुत चिकित्सेशी त्याची सांगड घालणे उचित होणार नाही.

मालकाचा प्रश्न :

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने सदोष वाहने परत मागविण्याची तरतूद आली. तिचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले असून त्यांत सात वर्षांपर्यंतच्या वाहनांचा समावेश होतो. २०१५ ची 'अवंती' २०२२ मध्येच या कक्षेबाहेर गेली. शिवाय मोजक्या गाड्या करणाऱ्या उत्पादकाविरुद्ध तक्रारी मोजक्याच असणार, आणि उत्पादन थांबल्यावर परत मागविलेले वाहन दुरुस्त करायचे कोणी, हा प्रश्न उरतोच. इंजिनाचा सुटा भाग रेनॉल्टच्या परदेशी बाजारातून एकवेळ मिळेल. अपघातात समोरचे पॅनेल तुटले तर नवे पॅनेल त्याच साच्यातून निघावे लागेल. साचा सापडला तरी ते त्या गाडीला घासून बसवावे लागेल. ट्रॉलीच्या मालकाचे बरे असते. फाळका तुटला तर ती ज्याने केली तो वेल्डर त्याच्याच गावात, बसस्थानकामागे बसलेला असतो.