पुढचा भाग कुठे मिळेल?

मुलांची आवडती मराठी पुस्तकं कोणती, असं ठाण्यात, कल्याणात किंवा डोंबिवलीत कोणालाही विचारलं की नावं पटापट येतात: ‘श्यामची आई’, ‘गोट्या’, ‘फास्टर फेणे’, ‘बोक्या सातबंडे’. सांगणारा बहुधा चाळिशी ओलांडलेला असतो. त्याच घरातलं बारा-तेरा वर्षांचं मूल मात्र वेगळीच नावं घेतं आणि त्यांतली बरीचशी इंग्रजी असतात. यावरून दोन निष्कर्ष काढायची आपल्याला सवय आहे. मुलं वाचत नाहीत, हा पहिला. मराठीत त्यांच्यासाठी कोणी चांगलं लिहीत नाही, हा दुसरा. पहिला खोटा ठरवायला त्या मुलाच्या दप्तरातला ‘विम्पी किड’चा नववा की दहावा भाग पुरेसा आहे. दुसऱ्याला मुलांसाठी लिहिणाऱ्या माधुरी पुरंदरे एकट्या पुरून उरतात. माझ्या मते अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. मुलांचं आवडतं पुस्तक सहसा एकटं येत नाही, मागेपुढे भावंडं घेऊन येतं. आणि दहा ते सोळा या वयासाठी मराठीत अशी भावंडं जन्माला येणं जवळपास थांबलं आहे.

वरची यादीच पाहा. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे हा फुरसुंगीचा पोरगा वीसएक पुस्तकांतून सायकल हाणत राहिला. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या एका भागात संपला नाही. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या आकाशवाणीवरून पुस्तकांत आला तोही भागाभागांनी. प्रकाश नारायण संतांनी लंपन मुलांसाठी लिहिला नाही, तरी शाळकरी वाचकांनी त्याला आपलं मानलं. ‘वनवास’ संपल्यावर ‘शारदा संगीत’ होतं, पुढे ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ होतं. १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ यात अपवाद वाटते खरी. पण तिचीही मांडणी रात्र पहिली, रात्र दुसरी अशीच आहे: ऐकणाऱ्याने उद्या परत यावं म्हणून केलेली. शिवाय तिच्यामागे शाळेतले धडे आणि अत्र्यांचा चित्रपट उभे होते. तसं बळ बाकीच्या पुस्तकांच्या वाट्याला क्वचितच आलं. वर्षानुवर्षं टिकलेल्या या आवडीमागे लेखकाची गुणवत्ता आहेच, पण ‘पुढचा भाग आणा’ हा मुलाचा हट्ट पुरवण्याची सोयही आहे.

आता एक गंमत. डोंबिवलीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं ते २०१७च्या फेब्रुवारीत, आणि त्याच वर्षी ‘फास्टर फेणे’वर चित्रपट आला. त्यात फेणे शाळकरी उरलेला नव्हता. तो वैद्यकीय प्रवेश परीक्षेला बसणारा तरुण झाला होता. चित्रपट चांगला चालला, पण तो कोणासाठी होता हे नायकाच्या वयावरूनच कळतं. जुने वाचक मोठे झाले, त्यांच्याबरोबर त्यांचा नायकही वाढवला गेला. शाळेतल्या मुलाची जागा मात्र रिकामी राहिली.

यावर हमखास येणारा आक्षेप भाषेचा आहे. घोडबंदर रोडवरच्या संकुलांतली काय किंवा डोंबिवलीच्या पलावातली काय, मुलं इंग्रजी शाळांत जातात, मग ती मराठी वाचतील कशी? आक्षेप खोटा नाही, पण तो माझ्या म्हणण्याला बळच देतो. देवनागरी अडखळत वाचणाऱ्या सातवीतल्या मुलापुढे दोनशे पानांची अनोळखी कादंबरी ठेवली, तर त्याची निम्मी ताकद पात्रं, गाव आणि नाती समजून घेण्यातच खर्च होते. तेच मूल मालिकेतलं तिसरं पुस्तक उघडतं तेव्हा ही माणसं त्याला ठाऊक असतात आणि सगळं लक्ष गोष्टीत राहतं. वेग वाढतो तो असाच. पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ आणि ‘यश’ या मालिकांनी लहानग्यांसाठी हे काम केलं. राधा आणि यशकडून पुढे गेलेलं मूल दहा वर्षांचं झालं की त्याच्या हाती काय द्यायचं? बहुतेक घरांत उडी थेट ‘मृत्युंजय’वर पडते, नाही तर ‘हॅरी पॉटर’वर. ‘शाळा’सारखी कादंबरी या वयाच्या अगदी जवळची आहे, पण ती एकच आहे आणि ती मोठ्यांच्या वाचनासाठीच प्रसिद्ध झाली.

ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या या पट्ट्याला पुस्तकांचा तुटवडा आहे असंही नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. डोंबिवलीच्या पै फ्रेंड्स लायब्ररीने आपलं पुस्तक देऊन दुसऱ्याचं नेण्याचे मोठे सोहळे भरवले आणि त्यांना गर्दीही झाली. उपक्रम उत्तमच, पण अदलाबदलीत मिळतं ते सुटं पुस्तक. तिथे मुलाच्या हाती मालिकेतला चौथा भाग लागतो. पाचवा लागेल की नाही हे नशिबावर. पुरस्कारांचंही तसंच. साहित्य अकादमी २०१०पासून बालसाहित्याला स्वतंत्र पुरस्कार देते, ‘पियूची वही’ आणि ‘समशेर आणि भूतबंगला’ यांना तो अलीकडेच मिळाला. गौरव योग्यच आहे. मात्र एखादा नायक लेखकाने पाच वर्षं चालवावा, प्रकाशकाने दर वर्षी छापावा आणि वाचनालयाने संचच्या संच घ्यावा, असं काही या गौरवातून घडत नाही.

मालिकांनी साचेबद्ध लेखन वाढतं, असं समीक्षक म्हणतील. वाढतं, हे मान्य. भागवतांच्याही काही गोष्टी योगायोगाच्या कुबड्यांवर चालतात. पण सत्यजित राय यांचा फेलूदा बघावा. १९६५मध्ये ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात सुरू झालेला हा गुप्तहेर लेखकाच्या मृत्यूपर्यंत बंगाली मुलांना भेटत राहिला, बहुधा पूजा अंकांतून, आणि त्याला कोणी दुय्यम म्हणत नाही. रोहन प्रकाशनाने अशोक जैनांकडून तो मराठीत आणला, संच विकला गेला, म्हणजे मागणी आहे. पूजा अंकाला तोडीस तोड दिवाळी अंक आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे. मुलांचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतं, त्याचे जुने अंक तर बालभारतीने फुकट वाचायला खुले केले आहेत. दर दिवाळीला परत येणारा एक मुलगा किंवा मुलगी एवढीच उणीव आहे.

आणि तो मुलगा किंवा ती मुलगी इथलीच का असू नये? फेणेला पुणे मिळालं, लंपनला सीमेवरचं कानडी-मराठी गाव. दुर्गाडीचा किल्ला, येऊरचं जंगल, खाडीतले फ्लेमिंगो, डोंबिवलीची रसायनांनी गंधाळलेली एमआयडीसी, दिवा स्टेशनपुढे तुंबलेली लोकल: साहसकथेला लागणारं सगळं या तीस किलोमीटरांत आहे. पहिला भाग थोडा फसला तरी चालेल. दुसरा मात्र पुढच्या दिवाळीला आला पाहिजे, तिसरा त्याच्या पुढच्या.