एका ‘का’चे दोन अर्थ

सॅरा ब्रॅनेन यांची ‘अंकल बॉबीज् वेडिंग’ ही बालकथा प्रथम २००८ साली प्रसिद्ध झाली. त्या आवृत्तीतील पात्रे गिनीपिग होती; २०२० च्या आवृत्तीत लुसिया सोटो यांच्या चित्रांनी त्यांना मनुष्यरूप दिले. अमेरिकेतील मेरिलँड राज्यात माँटगोमेरी परगण्याच्या शाळांनी २०२२ साली समलिंगी व पारलिंगी व्यक्तींविषयीची जी पुस्तके प्राथमिक वर्गांत आणली, त्यांत हिचा समावेश होता. अशा पाठांतून आपल्या मुलांना वगळण्याची पालकांची मुभा २०२३ साली काढून घेण्यात आली. काही पालक धर्मस्वातंत्र्याच्या आधारे न्यायालयात गेले, आणि २७ जून २०२५ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. त्या निर्णयाच्या घटनात्मक बाजूचा विचार येथे कर्तव्य नाही. त्यात झालेले कथेचे वाचन तेवढे तपासावयाचे आहे.

बॉबी व जेमी या दोन पुरुषांचे लग्न ठरते. सारे घर हर्षित होते. बॉबीची लाडकी पुतणी क्लोई मात्र, तो लग्न का करीत आहे, असे आईला विचारते. दोघांचे परस्परांवर प्रेम आहे, असे आई सांगते. बहुमताचा निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती अलिटो यांच्या मते या प्रश्नामागील कारण पुस्तक स्पष्ट करीत नाही. प्रश्न केवळ समलिंगी विवाहाच्या गौरवाची वाट मोकळी करतो. भिन्नमत नोंदविणाऱ्या न्यायमूर्ती सोतोमायॉर यांनी मात्र संपूर्ण पुस्तकच आपल्या मतपत्रास जोडले.

प्रश्नवाक्याचा अर्थ त्याच्या रोखावर अवलंबून असतो. ‘तो जेमीशीच लग्न का करतो?’ आणि ‘तो लग्नच का करतो?’ हे दोन भिन्न प्रश्न होत. क्लोईच्या प्रश्नात जेमीचा उल्लेखही नाही. काकाच्या मनातील आपले स्थान जाईल, ही तिची भीती पुढे उघड होते. जेमीच्या जागी एखादी स्त्री असती, तरी हाच प्रश्न उरला असता. यातच या लहानशा कथेचे यश आहे.

तथापि बहुमताचा युक्तिवाद सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. ज्या कथेत सर्वजण आनंदित होतात, ती तटस्थ नसते. स्वीकार हे मूल्य आहे. ते शिकवावयाचे तर आपण मूल्य शिकवीत आहोत, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. शिवाय मुलांच्या शंकांना द्यावयाच्या उत्तरांचे नमुने शाळामंडळाने शिक्षकांना पुरविले होते. कथा क्लोईच्या शंकेला वेळ देते. तयार उत्तर शंकेचे तोंड बंद करते. कथेचा खरा विरोध या पद्धतीशी आहे.

ही कथा मराठीत आणू पाहणाऱ्यास आणखी एक अडचण जाणवेल. ‘अंकल’ हा काका की मामा, हे ठरवावे लागेल. ‘जेमी’ हे नाव स्त्रीपुरुष दोघांचेही असते आणि इंग्रजी क्रियापद लिंगाविषयी मौन पाळते. मराठीत ‘जेमी आला’ म्हणताच सारे उघड होते. परंतु ते उघड झाल्यावरही क्लोईची चिंता तीच राहते. ज्या मुलाच्या घरी असा काका आहे, तेही त्याच वर्गात बसलेले असू शकते. आपल्या घराची गोष्ट सुरू होताच शेजारचा मित्र उठून बाहेर गेला, तर त्याच्याही मनात एक ‘का’ उभा राहील. त्याचे उत्तर कोणी द्यावयाचे, हा प्रश्न निकालपत्राने सुटलेला नाही.