तीन शाहीर आणि एक झील

लाल बावटा कलापथकाविषयी मराठीत जे काही लिहिले गेले आहे, ते जवळजवळ सगळे तीन निरनिराळ्या माणसांविषयी लिहिले गेले आहे. अण्णा भाऊ साठे यांच्यावर ग्रंथ आहेत, त्यांच्या वाङ्मयाचे खंड आहेत. २००२ साली त्यांचे टपाल तिकीट निघाले, २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. अमर शेख यांची आठवण निघते ती त्यांच्या पहाडी आवाजापुरती. आणि द. ना. गवाणकर यांचे नाव येते ते यादी पुरी करण्यासाठी. या तिघांनी मिळून एक पथक चालवले आणि ते पथक हीच एक स्वतंत्र कलाकृती होती, ही गोष्ट मात्र कोणी लक्षात घेत नाही. इंग्रजांच्या बीटल्सविषयी असे कोणी लिहिणार नाही. त्यांची दहा वर्षे ही चौघांची मिळून दहा वर्षे आहेत, हे तेथे शाळकरी पोरालाही ठाऊक असते.

पथक उभे राहिले १९४४ साली. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत इप्टाची, म्हणजे भारतीय जननाट्य संघाची, स्थापना झाली होती. कम्युनिस्ट पक्षाला कामगारवस्तीत पोचण्यासाठी छापील पत्रकापेक्षा डफ अधिक उपयोगी वाटू लागला होता. जमलेली माणसे मोठी अजब होती. अण्णा भाऊ वाटेगावचे, मातंग कुटुंबातले, लहानपणी घरच्यांबरोबर पायी चालत मुंबईला आलेले. शाळेत ते दीड दिवस गेले असे सांगतात. (आम्हा मास्तरमंडळींनी हा दीड दिवस फार काळजीपूर्वक तपासून पाहिला पाहिजे, उरलेल्या वर्षांत आपण काय शिकवतो, हा प्रश्न त्यातून निघतो.) अमर शेख बार्शीचे. गाडीवर क्लीनर, मग गिरणीत कामगार, संपात पुढारी, तुरुंगात कैदी, अशा सगळ्या शाळा त्यांनी पाहिल्या होत्या. गवाणकर लिहीतही आणि गातही. एकाची लेखणी, दुसऱ्याचा गळा, तिसऱ्याचे बस्तान, अशी वाटणी आपण सोयीसाठी करतो. पण तिघेही शाहीर होते, आणि तीन शाहीर एका फडात नांदणे हे मुळातच दुर्मिळ. एरवी एका गावात दोन शाहीर असले तरी गावाला झोप नसते.

त्यांनी केले काय? तमाशाचा साचा घेतला आणि त्यातला देव काढून ठेवला. पारंपरिक तमाशात आधी गण, म्हणजे गणपतीला नमन, मग कृष्ण, पेंद्या आणि मावशी यांची गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग. अण्णा भाऊंनी गण ठेवला, पण त्यात नमन केले ते मायभूमीला, हुतात्म्यांना, राबणाऱ्या माणसांना. गवळण साफ गाळली. हे वाचताना वाटते तेवढे सोपे नाही. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर खडी गंमत नाहीतर दंडार चालते. तेथे एखाद्या शाहिराने गण चुकवला किंवा गवळण उरकून घेतली, तर पहिल्या रांगेतली म्हातारी माणसे त्याला ऐकवल्यावाचून राहत नाहीत. प्रेक्षकाला त्याची सवय मोडल्याचा राग येतो. १९४५ च्या 'अकलेची गोष्ट'पासून या पथकाने ती सवय मोडली आणि तरी प्रेक्षक उठून गेला नाही, यातच त्यांच्या कलेचे खरे माप आहे. साचा ओळखीचा असल्यामुळे माणूस बसला. आत काहीतरी दुसरेच निघाले म्हणून तो बसून राहिला.

'मुंबईची लावणी' पाहा. पठ्ठे बापूराव (१८६६ ते १९४५) यांनी मुंबईवर लावणी रचली होती, आणि तिच्यात त्या शहराची श्रीमंती, रंग, नखरा डोळे दिपावेत असा आला होता. अण्णा भाऊंनी तोच विषय घेतला आणि मुंबई दोन केल्या, एक मलबार हिलवरची आणि एक परळातली. हे सर्वजण सांगतात. मला सांगायचे आहे ते तिच्या बांधणीविषयी. छापील पानावर ती लावणी तुटक दिसते. आखूड आखूड तुकडे, एकापुढे एक ठेवलेले, मध्येच थांबणे, पुन्हा तोच ठोका. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती घाईत रचलेली वाटावी, अशीच तिची छपाई होती. मग मी ती माझ्या वर्गात एका मुलाला मोठ्याने वाचायला दिली. त्याचा बाप गंमतीत ढोलकी वाजवतो. चार ओळी वाचून पोरगा थांबला आणि म्हणाला, "गुर्जी, अठी झीलकऱ्याले जागा ठेवली हाये." आमच्या बोलीत अठी म्हणजे इथे. आणि खरोखरच होती! शाहीर तुकडा टाकतो, मागचे झीलकरी तो उचलतात, तेवढ्यात शाहिराला श्वास मिळतो आणि ऐकणाऱ्याला तो शब्द मनात मुरवायला वेळ मिळतो. पुस्तकात छापलेला आहे तो एका माणसाचा भाग. पथकाचा भाग कोऱ्या जागेत गेला आहे.

या पथकाच्या वाङ्मयाकडे आपण एकट्या अण्णा भाऊंचे वाङ्मय म्हणून पाहिले की ते कोठे कोठे उणे वाटते, त्याचे कारण हेच. टीकाकाराने उणे म्हणून दाखवलेल्या निम्म्या जागा गवयासाठी सोडलेल्या आहेत.

उरलेल्या निम्म्या मात्र खरोखरच उण्या आहेत, तेही सांगितले पाहिजे. वगांतले शेटजी पहिल्या वाक्यापासून लबाड असतात आणि शेवटच्या वाक्यापर्यंत लबाडच राहतात. प्रेक्षकाला त्यांच्याविषयी काही शोधून काढावे लागत नाही. परदेशातल्या घडामोडींवरच्या पोवाड्यांत जोर आहे, ठेका आहे, पण तेथली माणसे धूसर आहेत. माझा आपला एक ठोकताळा आहे: विषय वर्तमानपत्रातून आला की या शाहिरांची विशेषणे वाढतात, चाळीतून आला की क्रियापदे वाढतात. त्यांचे चांगले ते सगळे क्रियापदांत आहे.

पथकाचा बहर फार टिकला नाही. १९४८ नंतर कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली, मुंबई सरकारने पथकाच्या प्रयोगांवर बंदी घातली. 'माझी मुंबई' या वगात मुंबई कोणाची, हाच वाद होता. तो सरकारला रुचणे शक्य नव्हते. 'तमाशा' शब्द गेला आणि 'लोकनाट्य' शब्द रुजला तो याच धामधुमीत. भंडारा जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आम्ही मध्य प्रदेशात होतो. त्यामुळे ती बंदीही आमची नव्हती. पण बंदीने फड मोडत नाही, हे तमासगीर पिढ्यान्पिढ्या जाणतात. फड मोडतो तो आतल्या माणसांना स्वतःची वाट दिसू लागली म्हणजे. अण्णा भाऊंना कादंबरी दिसली. १९५९ साली 'फकिरा' आली आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. अमर शेखांनी स्वतःचे पथक काढले, १९५८ साली 'कलश' हा कवितासंग्रह दिला, चित्रपटांत कामे केली. स्वतः कादंबरीकार असल्यामुळे मी 'फकिरा'ला कमी लेखणार नाही. पण कादंबरी एकट्याने लिहिता येते, हेच तिचे सुख आणि हीच तिची गरिबी. तिच्या कोऱ्या जागा कोणी गात नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तिघेही पुन्हा उतरले, आणि या सगळ्या उद्योगातले सर्वांत मोठे गाणे महाराष्ट्रभर पोचले ते तेव्हा. 'माझी मैना' ही अण्णा भाऊंची छक्कड, आणि ती घुमली अमर शेखांच्या आवाजात. गिरणगावात आलेला माणूस गावाकडे राहिलेल्या बायकोची आठवण काढतो. शहराचा झगमगाट सांगतो, आपली दैना सांगतो. आणि सांगता सांगता ती विरहिणी बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांच्यावाचून तुटलेला महाराष्ट्र होऊन जाते. रूपकाची ही उडी कागदावर धाडसाची वाटते, थोडी ओढूनताणूनही वाटेल. पण नवऱ्याचा गळा दाटून आलेला असताना ती होते, आणि गळा एकदा दाटला की कशासाठी दाटला, हे ऐकणारा विचारीत बसत नाही. ही गळ्याने पटवलेली गोष्ट आहे. अण्णा भाऊंना हे ठाऊक होते, कारण त्यांनी वर्षानुवर्षे त्या गळ्याशेजारी उभे राहून लिहिले होते.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव बाहेरच राहिले. १८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ गेले. त्यानंतर बेचाळीस दिवसांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. लेखणी आणि गळा एका पावसाळ्यात संपले.

आता एक मागणे. अण्णा भाऊंच्या खंडांची नवी आवृत्ती कोणी काढणार असेल, तर गाण्यांच्या पानांवर उजवीकडे दोन बोटे समास मोकळा सोडावा, आणि ढोलकी-तुणतुण्यावर आयुष्य काढलेल्या चार जुन्या झीलकऱ्यांना जवळ बसवून झील कोठे उचलायची, ठेका कोठे वळतो, शाहीर श्वास कोठे घेतो, हे त्या समासात लिहून घ्यावे. असे झीलकरी अजून आहेत. आमच्या बाजूला तुमसरपासून आंबागडापर्यंतच्या मंडयांत दरवर्षी दिसतात. काहींची वये सत्तरीच्या पुढे गेली आहेत.