गुलाबी फुलोऱ्याचा मोह

शोभेच्या झाडांवरील लेखांत आणि रोपवाटिकांच्या माहितीपत्रकांत एक दोष हमखास आढळतो. त्यांची सुरुवात फुलापासून होते आणि शेवटही फुलाशीच. मग अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेले गुलाबी डॉगवुडचे छायाचित्र पाहून ‘हे आपल्याकडे का नको?’ असे कोणी विचारले, तर नवल नाही.

गेवराई तालुक्यातल्या तलवाड्यासारख्या गावातील शाळेचे आवार डोळ्यांपुढे आणा. डॉगवुड हे पूर्व अमेरिकेतल्या जंगलात मोठ्या झाडांच्या आडोशाने वाढणारे लहान झाड. त्याची मुळे उथळ असतात. त्याला आम्लधर्मी, ओलसर, पण निचऱ्याची माती लागते. आपली काळी माती चुनखडीयुक्त, अल्कधर्मी. तीत लोह असूनही अशा झाडाला ते घेता येत नाही. पाने पिवळी पडतात. पावसाळ्यात ही माती पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगाळून उथळ मुळे तोडते. माती बदलून, पाणी घालून झाड जगवलेच, तरी थंडी कोठून आणणार? त्याच्या कळ्या आदल्या वर्षीच धरतात आणि दीर्घ हिवाळा सोसल्यावर उमलतात. बीडच्या चार गार रात्रींनी ते काम होत नाही.

‘देशी तेवढे लावा’ हा निकालही मला अपुरा वाटतो. डॉगवुडचा हिमालयातला भाऊबंद भमोरा पूर्णपणे देशी; तलवाड्यात त्याचीही तीच गत होईल. फार कशाला, आपले राज्यपुष्प ताम्हण मुळात ओढ्या-नदीकाठचे. कोरड्या माळावर ते लावणे म्हणजे रोप वाया घालवणे. उलट दक्षिण अमेरिकेतून आलेली बोगनवेल तेथे मजेत फुलते.

गंमत अशी, की डॉगवुडच्या चार गुलाबी ‘पाकळ्या’ पाकळ्या नव्हेतच. ती छदे, म्हणजे फुलांलगतची रंगीत पाने. खरी फुले मध्यभागी, बारीक आणि हिरवट-पिवळी. बोगनवेलीतही तीन रंगीत छदे आणि प्रत्येकाला चिकटलेले एक नळीसारखे फूल असते. वर्गात हे दाखवायला परदेशी छायाचित्राची गरज नाही.

गुलाबी फुलांचे झाडच हवे असेल तर रक्तकांचन लावावा. पाने गाळून तो फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो. पहिले दोन-तीन उन्हाळे मात्र पाणी द्यावे लागते. लावण्यापूर्वी मुलांना दोन कामे सांगावीत : खड्ड्यातल्या मातीवर प्रयोगशाळेतल्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकून फेस येतो का ते पाहणे (हे शिक्षकांच्या देखरेखीखाली), आणि खड्डा पाण्याने भरून ते किती वेळात जिरते याची नोंद ठेवणे.