टिळक दांपत्याचे साहित्य आणि ईश्वराचे निर्हेतुक प्रेम

ख्रिस्ती धर्मविचाराचा गाभा एका वाक्यात सांगावयाचा, तर ईश्वराचे प्रेम पात्रता पाहत नाही, असे म्हणावे लागेल. लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तात पश्चात्तापाचे शब्द पुरते उच्चारले जाण्यापूर्वीच पिता धावत सुटतो. कर्मफलाच्या हिशेबात वाढलेल्या आपल्या मनाला मात्र घरी राहून राबणाऱ्या थोरल्या मुलाची तक्रारच रास्त वाटते. हा विचार मराठीत कसा रुजला, हे पाहण्यासाठी रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आणि लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) यांच्या साहित्याकडे वळावे लागते.

आपल्या वाचकांना या कथेत एक जवळचा धागा सापडेल. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परदेशी सहप्रवाशाने टिळकांना बायबल वाचण्यास दिले. हे राजनांदगाव नोव्हेंबर २००० पर्यंत आपल्याच मध्यप्रदेशात होते. पुढे फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची भावना होती आणि त्यांचे अभंग तिची साक्ष देतात. देवाला माउली म्हणण्याची वारकरी परंपरा त्यांना आयतीच लाभली. लेकराची लायकी माउली कधी तपासत नाही. १६१६ साली फादर स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराणा'साठी ओवी स्वीकारली होती. टिळकांनी त्यापुढे जाऊन भक्तीची वृत्तीच स्वीकारली. तथापि त्यांच्या अभंगांत हे प्रेम पुष्कळदा सिद्धच असते. त्याचे मोल कोणी मोजले, हे तेथे फारसे दिसत नाही.

ते दिसते 'स्मृतिचित्रे'मध्ये. १९३४ ते १९३६ या काळात प्रकाशित झालेल्या या आत्मकथनाचा प्रारंभ वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याने होतो. तेथे माया आहे, पण तिला विटाळाची अट आहे. पतीच्या धर्मांतरानंतर लक्ष्मीबाई दीर्घकाळ दुरावल्या. त्यांतील काही काळ त्यांनी पंढरपुरात काढला. देवाच्या प्रेमासाठी पती घर सोडतो आणि त्या प्रेमाची झळ पत्नीला सोसावी लागते, हा पेच त्यांनी लपविलेला नाही. पतीला देवत्वही दिलेले नाही. त्या परतल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. जातिभेद ईश्वरनिर्मित नाही, हे त्यांनी स्वतःच्या विचाराने ठरविले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. पुढे निराधार मुलांना त्यांच्या घरात आसरा मिळाला, तो कुळ न विचारता. हे सारे त्या विनोदाने सांगतात, उपदेश करीत नाहीत.

म्हणून प्रस्तुत लेखकाचे मत असे, की निर्हेतुक प्रेमाचा मराठीतील समर्थ आविष्कार टिळकांच्या अभंगांपेक्षा लक्ष्मीबाईंच्या गद्यात आहे. टिळकांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले, तेही त्यांनीच पूर्ण केले.

धर्मांतराच्या धास्तीने आपल्या जुन्या घरांतून हे साहित्य काहीसे दूर ठेवले गेले. 'स्मृतिचित्रे' वाचण्यासाठी धर्म बदलावा लागत नाही. आपल्या मायेला आपण कोणकोणत्या अटी घालतो, हा प्रश्न मात्र ते पुस्तक वाचकाला विचारतेच. परमुलुखात चार-पाच पिढ्या नांदताना आपले सोवळे जिवापाड जपणाऱ्या आपल्या कुटुंबांनी त्याचे उत्तर शोधावयास हवे.